सोलापूरचा बेलिफ, दिल्लीचा गृहमंत्री

अब्राहम लिंकन केंटकीतल्या लाकडी खोपटात जन्मले, ही गोष्ट अमेरिका आजही चवीनं सांगते. खोपटातून व्हाइट हाउस! तसल्या किश्श्यांसाठी सोलापूरकराला सातासमुद्रापार जायची गरज नाही. ४ सप्टेंबर १९४१ ला सोलापुरात जन्मलेल्या सुशीलकुमार शिंदे यांचं चरित्र उघडलं, की पानोपानी ‘काय सांगता!’ म्हणायची वेळ येते. त्यातले हे काही निवडक मासले.

सोळाव्या वर्षी कोर्टाची पायरी

पक्षकार म्हणून नव्हे, नोकरीसाठी. १९५७ मध्ये शिंदे सोलापूरच्या कोर्टात बेलिफ म्हणून कामाला लागले आणि १९६५ पर्यंत तिथंच होते. बेलिफ म्हणजे समन्स घेऊन दारोदार फिरणारा माणूस. त्याला पाहून कुणी चहा विचारत नाही. नोकरी सांभाळत दयानंद कॉलेजातून बी. ए. केलं, पुढे कायद्याची पदवीही घेतली. लिंकनही वकील होण्याआधी न्यू सेलम नावाच्या खेड्यात पोस्टमास्तर होते. कागद पोचवण्याचं काम दोघांनाही लाभलं म्हणायचं.

फौजदारकी सोडली, तिकीट हुकलं

कोर्टानंतर पोलीस खातं. सीआयडीत सब-इन्स्पेक्टर असलेल्या या तरुणाला शरद पवारांनी राजकारणात ओढलं. पक्की सरकारी नोकरी सोडली आणि १९७२ च्या विधानसभेचं तिकीट भलत्यालाच मिळालं! घरच्यांनी काय ऐकवलं असेल, त्याची कल्पनाच केलेली बरी. पण १९७४ मध्ये करमाळ्याच्या पोटनिवडणुकीनं दार उघडलं. आमदारकी आली आणि लगोलग राज्यमंत्रिपदही.

गुरू बाहेर, शिष्य आत

१९९९ मध्ये पवारांनी काँग्रेस सोडून राष्ट्रवादी काढली. शिंदे मात्र जागचे हलले नाहीत. उलट त्याच वर्षी सोनिया गांधींच्या अमेठीतल्या प्रचाराची सूत्रं त्यांच्याकडे होती. ज्यांनी राजकारणात आणलं त्यांची वाट वेगळी आणि आपली वेगळी. तरी दोघांचं बोलणं-चालणं तुटलं नाही.

नऊ अर्थसंकल्प

महाराष्ट्राचे अर्थमंत्री म्हणून शिंदे यांनी नऊ वेळा अर्थसंकल्प मांडला. राज्याच्या तिजोरीच्या किल्ल्या इतकी वर्षं सांभाळणारे अर्थमंत्री महाराष्ट्रात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच.

दिल्लीत हार, मुंबईत हार

पहिली हार पराभवाची, दुसरी गळ्यातली. १२ ऑगस्ट २००२ ला उपराष्ट्रपतिपदाची निवडणूक झाली. भैरोसिंह शेखावत यांना ४५४ मतं, शिंदे यांना ३०५. आता गाडी थांबली, असं वाटावं, तर पाचच महिन्यांनी, १८ जानेवारी २००३ ला, शिंदे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. दलित समाजातून आलेले राज्याचे पहिले मुख्यमंत्री. लिंकनही १८५८ मध्ये सिनेटची लढत हरले आणि दोन वर्षांनी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकले. सोलापूरकरानं तेवढाही वेळ घेतला नाही.

राज्याचा मुख्यमंत्री, गावात मात्र पंचाईत

मुख्यमंत्री झाल्यावर शिंदे यांनी सोलापूरची खासदारकी सोडली. पोटनिवडणुकीत ती जागा भाजपच्या प्रतापसिंह मोहिते-पाटलांनी जिंकली. २००४ मध्ये काँग्रेसनं उज्ज्वलाताई शिंदे यांना उभं केलं. नवरा मुख्यमंत्री, मैदान घरचं, तरीही भाजपचे सुभाष देशमुख जिंकले. ‘मुख्यमंत्री असतील, पण मत आमचं’ हा सोलापुरी खाक्या!

त्याच वर्षी, शिंदे मुख्यमंत्री असतानाच, १ ऑगस्टला सोलापूर विद्यापीठ सुरू झालं. एकाच जिल्ह्यासाठी विद्यापीठ, ही महाराष्ट्रातली नवलाई. पुढे विधानसभेला काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीनं सत्ता राखली, पण खुर्ची गेली विलासराव देशमुखांकडे. ज्यांच्या जागी शिंदे आले होते, तेच परत आले. शिंदे निघाले हैदराबादच्या राजभवनात.

देश अंधारात, मंत्र्यांची बढती

हा किस्सा कादंबरीत लिहिला असता तर संपादकानं ‘पटत नाही’ म्हणून खोडला असता. जानेवारी २००६ पासून शिंदे केंद्रात ऊर्जामंत्री होते. ३० जुलै २०१२ ला उत्तरेची वीज गेली. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही ग्रिड बसली. सुमारे ६० कोटी लोक विजेविना, रेल्वेगाड्या रुळांवर उभ्या. आणि त्याच ३१ जुलैला जाहीर झालं: शिंदे आता देशाचे गृहमंत्री! पश्चिमेचं ग्रिड शाबूत राहिल्यानं सोलापुरात मात्र पंखे फिरत होते.

त्यातून एकेकाळचा सब-इन्स्पेक्टर देशातल्या पोलिसांच्या सर्वोच्च मंत्र्याच्या खुर्चीत बसला. अमेरिकेत असा नमुना ग्रोव्हर क्लीव्हलँड यांचा. ते बफेलोकडचे शेरीफ होते, पुढे दोनदा राष्ट्राध्यक्ष झाले. पण त्यांनी समन्स घेऊन दारोदारचे उंबरे झिजवल्याचं ऐकिवात नाही.

देशाची तार सोलापुरात जुळली

तोवर दक्षिणेचं वीजजाळं उरलेल्या देशाच्या लयीत चालत नव्हतं. ३१ डिसेंबर २०१३ ला ७६५ किलोव्होल्टची रायचूर-सोलापूर वाहिनी सुरू झाली आणि सारा देश एकाच ग्रिडवर आला. ऊर्जा खातं तेव्हा शिंदे यांच्याकडे नव्हतं, पण जोड मिळाली ती त्यांच्याच गावाला. चादरीच्या धाग्यांइतकंच सोलापूरनं या तारेबद्दलही मिरवायला हरकत नाही.

ज्या राज्याचे राज्यपाल, त्याच राज्याची वाटणी

२००४ ते २००६ या काळात शिंदे अखंड आंध्र प्रदेशाचे राज्यपाल होते. १३ फेब्रुवारी २०१४ ला त्याच आंध्रच्या विभाजनाचं विधेयक लोकसभेत मांडायची वेळ गृहमंत्री म्हणून त्यांच्यावरच आली. सभागृहात एका खासदारानं मिरपुडीचा फवारा मारला. खासदार खोकत, डोळे चोळत बाहेर धावले. तरीही पाच दिवसांनी विधेयक मंजूर झालं आणि २ जूनला तेलंगण जन्माला आलं. सोलापूरच्या पूर्व भागात पिढ्यान्‌पिढ्या माग चालवणाऱ्या पद्मशाली कुटुंबांचं मूळ त्याच मुलखातलं. म्हणजे शेजाऱ्यांच्या आजोळाची वाटणीही गावच्याच माणसाच्या हातून झाली.

हिशेब चुकता

२००९ मध्ये शिंदे यांनी सोलापुरात भाजपच्या शरद बनसोडेंना हरवलं. २०१४ मध्ये त्याच बनसोडेंनी देशाच्या विद्यमान गृहमंत्र्याला पाडलं. २०१९ च्या तिरंगी लढतीत समोर भाजपचे जयसिद्धेश्वर स्वामी आणि वंचितचे प्रकाश आंबेडकर. जिंकले स्वामी. २०२४ मध्ये मात्र याच मतदारसंघातून कन्या प्रणिती खासदार झाल्या. दिल्लीनं शिंदे यांना ऊर्जा दिलं, गृह दिलं, लोकसभेचं नेतेपदही दिलं. यातलं एकही पद सोलापूरच्या मतदारानं मतपेटीपाशी वजनात धरलं नाही. वडिलांना दोनदा घरी पाठवून मुलीला दिल्लीला धाडणारं हे गाव आहे. इथं वशिला चालत नाही, पाळी येते.