पहिला शरीरसंबंध आणि गुप्तरोगांचा धोका

सोळाव्या शतकात भावमिश्र या वैद्याने ‘भावप्रकाश’ हा ग्रंथ रचला. फिरंग्यांशी, म्हणजे पोर्तुगीजांशी आलेल्या अंगसंगाने जडणारा एक रोग त्यात वर्णिलेला असून त्याला ‘फिरंग रोग’ असे नाव दिले आहे. यालाच आज सिफिलिस किंवा उपदंश म्हणतात. बोलभाषेत त्याचे नाव ‘गरमी’. रोग कोठून येतो याविषयीच्या दोन निरनिराळ्या कल्पना या दोन लोकनामांत दडलेल्या आहेत. ‘फिरंग’ हा शब्द सांगतो की, तो कोणाकडून तरी आला. ‘गरमी’ हा शब्द सुचवितो की, तो अंगातच उत्पन्न झाला. विज्ञानाने कौल दिला तो पहिल्या कल्पनेच्या बाजूने. नायसरने १८७९ मध्ये परम्याचा जंतू शोधून काढला आणि १९०५ मध्ये शाउडिन व हॉफमान यांना उपदंशाचा जंतू सापडला. अंगातील उष्णतेने, अतिश्रमाने किंवा विटाळाने हे जंतू निर्माण होत नाहीत. ते एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जातात, इतकेच.

यावरून एक गोष्ट उघड होते. दोन व्यक्तींपैकी कोणाच्याही शरीरात रोगजंतू नसतील, तर त्यांच्या संबंधातून गुप्तरोग उद्भवणार नाही. तो संबंध पहिला असो वा शंभरावा. परंतु व्यवहारात या विधानाची जागा दुसरेच एक विधान नकळत घेते : ‘दोघांचाही हा पहिलाच संबंध आहे, तेव्हा कोणाच्याही शरीरात रोगजंतू नसणार.’ ही दोन विधाने एक नव्हेत, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे जसे काहीजण गाफील राहतात, तसेच काही निरपराध माणसांवर किटाळही येते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘ब’ प्रकारची कावीळ. तिचा विषाणू रक्तात आणि वीर्यासारख्या शारीरिक स्रावांत असतो व समागमातून पसरतो. तथापि प्रसूतीच्या वेळी मातेकडून अर्भकाला, बालपणी घरातल्या घरात, दूषित सुईतून अथवा रक्तातूनही तो तितक्याच सहजतेने शिरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांच्या शरीरात हा विषाणू ठाण मांडून होता. त्यांपैकी बहुतेकांना त्याची वार्ताही नसते, कारण वर्षानुवर्षे कोणतेच लक्षण दिसत नाही.

समजा, एका नवविवाहितेची पहिल्या गरोदरपणातील रक्ततपासणी झाली आणि तीत हा विषाणू आढळला. ‘समागमातूनही पसरतो’ एवढेच वाक्य सासरी पोहोचते आणि तिच्या चारित्र्याची चर्चा सुरू होते. वैद्यकाचे गणित मात्र वेगळेच सांगते. जन्मतः किंवा जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात या विषाणूची बाधा झालेल्या शंभर मुलांपैकी सुमारे नव्वदांच्या शरीरात तो कायमचा राहतो. मोठेपणी बाधा झालेल्या निरोगी माणसांत हे प्रमाण शेकडा पाचांहूनही कमी असते. म्हणजेच तिच्या शरीरात तो पूर्वीपासून मुक्कामाला असेल, तर त्याचा उगम तिच्या बाळपणात, बहुधा तिच्या आईच्या रक्तात, शोधावा लागतो. अशा वेळी चौकशी चारित्र्याची नव्हे, तर भावंडांच्या व आईच्या रक्ताची करावयाची असते. पतीची तपासणी करून त्याला लस टोचणे आणि बाळाला जन्मानंतर चोवीस तासांच्या आत लसीची पहिली मात्रा देणे, ही खरी तातडीची कामे होत.

एच. आय. व्ही.च्या बाबतीतही असेच म्हणता येईल. भारतात त्याची पहिली नोंद १९८६ मध्ये मद्रासला झाली. त्यानंतरच्या काळात मातेकडून ज्यांना जन्मतःच ही बाधा झाली, त्यांतील औषधोपचारांमुळे तगलेली अनेक मुले आता लग्नाच्या वयाची आहेत. रक्तदानातून आलेल्या रक्ताची एच. आय. व्ही.साठी तपासणी १९८९ मध्ये सक्तीची झाली व धंदेवाईक रक्तदात्यांवर १९९८ पासून बंदी आली. तत्पूर्वी ज्यांना वारंवार रक्त घ्यावे लागले, त्यांचा धोका शरीरसंबंधातून आलेला नव्हता. जो रुग्ण नियमाने औषधे घेतो आणि ज्याच्या रक्तातील विषाणूंची संख्या मोजता येणार नाही इतकी खाली राहते, त्याच्याकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला बाधा होत नाही, हेही आता निश्चित झाले आहे.

हर्पिसचा पहिला प्रकार तर बहुतेकांना बालपणीच, घरच्यांच्या चुंबनातून मिळतो. तापानंतर ओठाच्या कडेला बारीक फोड येतात ते त्याचेच. मुखमैथुनातून तो जननेंद्रियावरही उतरू शकतो.

परमा, क्लॅमिडिया आणि ट्रिकोमोनास यांची गोष्ट निराळी. प्रौढ व्यक्तीत ते जवळजवळ नेहमीच लैंगिक संपर्कातून येतात. पण येथेही ‘पहिला’ या शब्दाचा अर्थ तपासून घ्यावा लागतो. पूर्ण समागम झाला नाही म्हणून पूर्वीचा निकट संपर्क कित्येकजण हिशेबातच धरीत नाहीत. जंतूंच्या लेखी हा भेद नाही. मानवी पॅपिलोमा विषाणू तर केवळ जननेंद्रियांच्या त्वचेच्या घर्षणानेही पसरतो. म्हणूनच निरोधने त्याचा धोका घटतो, पण पूर्णपणे टळत नाही. शिवाय बालपणी झालेला अत्याचार माणूस ‘संबंध’ म्हणून कसा मोजील? अशा व्यक्तीला खोटे ठरविणे हा दुसरा अत्याचारच ठरतो.

उलट, जो रोग गुप्तरोगच नव्हे, त्याच्यावरूनही संसारात वादळे उठतात. विवाहानंतरच्या पहिल्या काही दिवसांत नववधूला लघवीची आग होणे, वारंवार लघवीला जावे लागणे या तक्रारी अतिशय सामान्य आहेत. स्त्रीचा मूत्रमार्ग आखूड असतो. समागमाच्या वेळी तिच्याच त्वचेवरचे, आतड्यातून आलेले जंतू मूत्राशयाकडे ढकलले जातात आणि मूत्राशयदाह होतो. नवऱ्याने काही ‘आणले’ असा याचा अर्थ नव्हे, आणि तिने काही लपविले असाही नव्हे. दह्यासारखा पांढरा स्राव व खाज ही लक्षणे असणारा कॅन्डिडा बुरशीचा विकारही समागमावाचून होऊ शकतो. लाजेपायी अशा तक्रारी अंगावर काढल्या जातात, ही मात्र खरी हानी.

तेव्हा शब्दावर विश्वास ठेवायचा की तपासणीवर? हा प्रश्न अपमानास्पद वाटतो खरा, पण वर सांगितलेल्या बहुतेक रोगांविषयी स्वतः त्या व्यक्तीलाच काही ठाऊक नसते. जी गोष्ट ठाऊकच नाही, ती लपविल्याचा आरोप कसा करणार? शिवाय तपासणीलाही मर्यादा आहेत. बाधा झाल्यानंतर काही आठवडे रक्तात तिचा पुरावा सापडत नाही, आणि पॅपिलोमा विषाणूसाठी पुरुषांची रूढ तपासणी उपलब्ध नाही. एच. आय. व्ही.ची तपासणी संमतीवाचून करता येत नाही, असे २०१७ च्या कायद्याने ठरविले आहे. तत्पूर्वी, १९९८ मध्ये, वाग्दत्त वराला ही बाधा असल्याची माहिती रुग्णालयाकडून बाहेर पडून त्याचा विवाह मोडल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तेथे गुप्ततेचा हक्क निरपवाद नाही, असे न्यायालयाने त्या वेळी म्हटले. जोडीदारांनी आपण होऊन एकत्र तपासणीस गेल्यास हा सारा पेच उद्भवत नाही. सरकारी रुग्णालयांतील समुपदेशन व तपासणी केंद्रांत एच. आय. व्ही.ची चाचणी विनामूल्य होते व निकाल गुप्त राखला जातो.

दोन रोगांवर लस आहे. पॅपिलोमा विषाणूवरील लस पहिल्या संबंधापूर्वी, शक्यतो कुमारवयातच दिल्यास तिचा सर्वाधिक उपयोग होतो. २०२२ मध्ये भारतात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या सुमारे सव्वा लाख नव्या रुग्णांचा अंदाज होता, हे लक्षात घेता या लसीचे मोल कळते. पुण्यात तयार झालेल्या अशा एका लसीला त्याच वर्षी मान्यता मिळाली. ‘ब’ काविळीची लस २०११ पासून देशभरातील अर्भकांना दिली जाऊ लागली. त्यापूर्वी जन्मलेल्या पुष्कळांना ती मिळालेली नाही. प्रौढांना तिच्या तीन मात्रा द्याव्या लागतात : पहिलीनंतर एका महिन्याने दुसरी, आणि पहिलीपासून सहा महिन्यांनी तिसरी. वाङ्निश्चय आणि विवाह यांत तेवढे अंतर असेल, तर तिन्ही मात्रा त्या अवधीत पूर्ण होतात.