एनडी फिल्टर : प्रकाश कमी, वेळ जास्त

धबधब्याचं पाणी दुधाच्या धारेसारखं दिसतंय किंवा समुद्रावर लाटाच नाहीत, नुसतं धुकं पसरलंय, असे फोटो तुम्ही कॅलेंडरवर किंवा मोबाइलवर नक्की पाहिले असतील. हे सगळं कॉम्प्युटरवर केलेलं असतं, असा अनेकांचा समज असतो. पण बहुतेक वेळा हा परिणाम कॅमेऱ्यातच मिळवलेला असतो आणि त्यामागे असतो काचेचा एक काळपट तुकडा, म्हणजेच एनडी फिल्टर. आज आपण तो कसा काम करतो, त्यावरच्या आकड्यांचा अर्थ काय आणि तो वापरायचा कसा, हे समजून घेऊया. यातलं गणित शाळेतलंच आहे, त्यामुळे घाबरू नका.

हंडा आणि नळ

फोटो काढणे म्हणजे नळाखाली हंडा भरणे. हंडा काठोकाठ भरला की फोटो बरोबर. कमी भरला तर फोटो काळा येतो, ओसंडला तर पांढराफटक. नळ जोरात सुटला तर हंडा लगेच भरतो, पाणी बारीक आलं तर वेळ लागतो. कॅमेऱ्यात पाण्याच्या जागी प्रकाश असतो आणि शटर किती वेळ उघडं राहतं, ती नळ चालू ठेवण्याची वेळ.

आता आपल्याला पाण्याची हालचाल फोटोत उतरवायची आहे, म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवायचंय. पण भर दुपारी प्रकाशाचा नळ इतका जोरात असतो, की हंडा क्षणात भरतो. लख्ख उन्हात आयएसओ १०० आणि एफ/१६ ठेवलं, तर शटर साधारण १/१२५ सेकंद उघडलं तरी पुरतं. एवढ्या वेळात पाणी गोठल्यासारखंच दिसणार.

मग अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगातलं छिद्र, अजून लहान केलं तर? एफ/२२ वर फार तर १/६० सेकंद मिळेल. शिवाय छिद्र फार लहान झालं, की प्रकाशाचं विवर्तन वाढतं आणि फोटोची धार बोथट होते. आयएसओ तर आधीच खाली आणलेला आहे. दोन्ही वाटा बंद झाल्या. इथे एनडी फिल्टर लागतो. तो नळाची धार बारीक करतो, बाकी काही करत नाही. लक्षात ठेवा, या फिल्टरने फोटो काळा होत नाही. आपल्याला फक्त जास्त वेळ मिळतो.

एनडी म्हणजे न्यूट्रल डेन्सिटी. न्यूट्रल म्हणजे तटस्थ. लाल, हिरवा, निळा असा भेदभाव न करता सगळ्या रंगांचा प्रकाश हा फिल्टर सारखाच अडवतो. निदान तशी अपेक्षा असते. स्वस्त फिल्टरमध्ये ही तटस्थता थोडी ढळते आणि फोटोवर तपकिरी किंवा निळसर झाक येते.

आकड्यांची भाषा

दुकानात गेलात की एकाच फिल्टरसाठी तीन तऱ्हेचे आकडे दिसतात आणि माणूस गोंधळतो. खरं तर तिन्ही एकच गोष्ट सांगतात.

१) एनडी ८, एनडी ६४, एनडी १००० : हा गुणक आहे. एनडी ८ मधून १/८ प्रकाश आत येतो, म्हणून वेळ ८ पट लागतो.

२) स्टॉप : एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा, वेळ दुप्पट. ८ म्हणजे २ चा ३ रा घात, म्हणून एनडी ८ हा ३ स्टॉपचा. ६४ म्हणजे २ चा ६ वा घात, म्हणून एनडी ६४ हा ६ स्टॉपचा. २ चा १० वा घात १०२४ येतो. सोयीसाठी त्याला १००० म्हणतात, म्हणून एनडी १००० हा १० स्टॉपचा.

३) ०.९, १.८, ३.० : ही घनता. हे गुणकाचं १० पायाचं लॉगरिदम आहे. २ चा लॉग जवळपास ०.३ येतो, म्हणून दर स्टॉपला ०.३ वाढतात. ३ स्टॉपला ०.९, ६ ला १.८ आणि १० ला ३.०.

आता गंमत पाहा. एनडी ८ वर एनडी ६४ चढवला, तर गुणक किती? ८ × ६४ = ५१२. स्टॉप मात्र ३ + ६ = ९ आणि घनता ०.९ + १.८ = २.७. गुणाकाराची बेरीज झाली! लॉगरिदमचा नियम पाठ करताना याचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांना हे उदाहरण जरूर द्या.

किती वेळ ठेवायचा?

पावसाळ्यातली ढगाळ सकाळ आहे. फिल्टरशिवाय आयएसओ १००, एफ/११ ला १/१५ सेकंद येतंय असं धरू.

- एनडी ८ लावला : ८/१५, म्हणजे साधारण अर्धा सेकंद. धबधबा रेशमी दिसतो, पण धारा वेगळ्या कळतात.
- एनडी ६४ लावला : ६४/१५, म्हणजे साधारण ४ सेकंद. परतणाऱ्या लाटेच्या रेषा एकमेकींत मिसळू लागतात.
- एनडी १००० लावला : १०००/१५, म्हणजे साधारण ६७ सेकंद. समुद्र धुक्यासारखा होतो आणि वारा असेल तर ढगांचे पट्टे ओढले जातात.

म्हणून आधी काय दाखवायचंय ते ठरवा, मग फिल्टर निवडा. सगळीकडे सरसकट १० स्टॉप लावला, तर धबधब्याचा नुसता पांढरा गोळा होतो.

न हलणारं काहीतरी हवं

१८३८ च्या सुमारास दागेर यांनी पॅरिसमधल्या एका वर्दळीच्या रस्त्याचा फोटो खिडकीतून घेतला. त्या काळच्या पट्टीला काही मिनिटं प्रकाश द्यावा लागे. फोटोत रस्ता जवळजवळ निर्मनुष्य दिसतो, कारण चालती माणसं आणि गाड्या उमटल्याच नाहीत. बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा असलेला माणूस तेवढा ठळक उमटला. तेव्हा ती मजबुरी होती. आज एनडी फिल्टर लावून आपण तीच गोष्ट मुद्दाम करतो.

यातून रचनेचा धडा मिळतो : जे हलतं ते विरघळतं, जे स्थिर असतं ते उठून दिसतं. मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याचा एक मिनिटाचा फोटो घेतलात, तर लाटा विरतील, ये-जा करणाऱ्या होड्या पुसट होतील आणि तटबंदी मात्र ठाम उभी राहील. समोर नुसतं पाणीच असेल, तर नजर ठरायला जागाच उरत नाही.

प्रत्यक्ष कृती

१) कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवा. वाळूत पाय थोडे रोवा.
२) फिल्टर न लावता चौकट ठरवा आणि फोकस करा. मग फोकस मॅन्युअलवर टाका, कारण गडद फिल्टरमधून कॅमेऱ्याला फोकस सापडत नाही.
३) फिल्टरशिवाय एक चाचणी फोटो घ्या आणि शटरचा वेळ लिहून ठेवा.
४) फोकसची रिंग न हलवता अलगद फिल्टर लावा.
५) वेळेला गुणकाने गुणा. उत्तर ३० सेकंदांच्या वर गेलं, तर बऱ्याच कॅमेऱ्यांत बल्ब मोड लागतो.
६) डीएसएलआर असेल तर मागची खिडकी झाका, नाहीतर तिथून प्रकाश आत शिरतो. लेन्समधली स्थिरता यंत्रणा बंद करा.
७) बटण हाताने दाबू नका. रिमोट किंवा २ सेकंदांचा टायमर वापरा.
८) फोटो आला की हिस्टोग्राम पाहा. सूर्यास्तानंतर प्रकाश भराभर उतरतो, तेव्हा हिशेबापेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो.

जिवापेक्षा फोटो मोठा नाही

हा भाग कृपया वगळू नका. एनडी १००० मधून सूर्य मंद दिसतो, म्हणून त्यातून सूर्याकडे बघायचं नाही, डीएसएलआरच्या खिडकीतून तर मुळीच नाही. डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरण अशा फिल्टरमधून बरेच आत येऊ शकतात आणि डोळ्याचा पडदा जळताना दुखतही नाही. सूर्य पाहण्यासाठीचे सौर फिल्टर वेगळे असतात. त्यांची घनता साधारण ५ असते, म्हणजे प्रकाश १ लाखावा भाग. ग्रहणाच्या दिवशी घरातला एनडी फिल्टर काढून मुलांच्या हातात देऊ नका.

दुसरी गोष्ट पाण्याची. दोन मिनिटांच्या फोटोत आपलं लक्ष स्क्रीनवर असतं आणि मागून भरती चढत असते. भरती-ओहोटीची वेळ पाहूनच खडकावर उतरा. धबधब्याच्या वर, डोंगरात पाऊस झाला, तर खाली ऊन असतानाही लोंढा येतो. पाणी गढूळ होऊ लागलं की ट्रायपॉड उचला आणि बाजूला व्हा. एकटे जाऊ नका. एकाने फोटो काढायचा, दुसऱ्याने पाण्यावर नजर ठेवायची.

स्वाध्याय

१) फिल्टरशिवाय १/६० सेकंद येतंय. ६ स्टॉपचा फिल्टर लावला तर वेळ किती?
२) फिल्टरशिवाय १/४ सेकंद येतंय. एनडी १००० लावला तर?
३) १/३० सेकंदावरून २ सेकंदांवर जायचंय. किती स्टॉपचा फिल्टर लागेल?

उत्तरे : १) ६४/६०, साधारण १ सेकंद. २) २५० सेकंद, म्हणजे ४ मिनिटे १० सेकंद. ३) ६० पट, म्हणून जवळचा ६ स्टॉपचा.

फिल्टर नसेल तरी अडू नका. सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासात प्रकाश आपोआप कमी होतो. त्या वेळी घराजवळच्या ओढ्यावर किंवा रस्त्यावरच्या वाहनांवर १, २, ४, ८ सेकंदांचे फोटो घ्या आणि शेजारी शेजारी ठेवून बघा. वेळ दुप्पट झाला की चित्र कसं बदलतं, ते एकदा डोळ्यांनी पाहिलंत, की फिल्टर विकत घेताना कोणता आकडा मागायचा, हे तुमचं तुम्हालाच कळेल.