निष्क्रिय वायूही फुटतो तेव्हा…

पनवेल-तळोजा परिसरातील कारखान्यांत वेल्डिंगसाठी आर्गनचे सिलिंडर वापरतात. तापलेल्या धातूला हवा लागू नये, हा त्याचा उद्देश. आर्गन सहसा कशाशीच संयोग पावत नाही. आपण श्वासावाटे घेतो त्या हवेतही तो जवळपास एक टक्का असतो. पण मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) शास्त्रज्ञांनी याच शांत वायूचे सूक्ष्म स्फोट घडवून अभ्यासले आहेत.

त्यासाठी मोठ्या दाबाखालचा आर्गन बारीक छिद्रातून निर्वातात सोडतात. एकदम प्रसरण पावल्याने तो कमालीचा थंड होतो आणि अणू एकमेकांना चिकटून पुंजके तयार होतात. त्यांना धरून ठेवणारे बल अगदी दुबळे असते. थोडी ऊर्जा मिळाली, तरी पाणी आटावे तसे एकेक अणू सुटू लागतात.

प्रखर लेझरचा स्पंद पडला, की मात्र वेगळेच घडते. हा स्पंद सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाहूनही कमी काळ टिकतो. विरळ वायूतील सुटे अणू त्यातली फारच थोडी ऊर्जा घेतात. पुंजक्यात अणूंची दाटी असल्याने मोकळे झालेले इलेक्ट्रॉन आतल्या आत आदळत पुन्हा पुन्हा ऊर्जा शोषतात. पुरेसे इलेक्ट्रॉन बाहेर पडले, की मागे धनप्रभारित आयनांची गर्दी उरते. समान प्रभार एकमेकांना दूर लोटतात आणि पुंजका फुटतो.

हा स्फोट सर्व दिशांना सारखा होत नाही. लेझरच्या विद्युत क्षेत्राच्या दिशेने जास्त वेगवान आयन बाहेर पडतात, असे व्ही. कुमारप्पन, एम. कृष्णमूर्ती आणि दीपक माथूर यांनी २००१ मध्ये दाखवले. पुढे २०१३ मध्ये कृष्णमूर्ती यांच्या गटाने आणखी एक पाऊल टाकले. स्फोटातून निघालेले आयन भोवतालच्या उत्तेजित पुंजक्यांतून जाताना त्यांचे इलेक्ट्रॉन उचलतात आणि पुन्हा उदासीन अणू बनतात, वेग मात्र तसाच राखतात.

याचे महत्त्व काय? प्रभारित कणांना विद्युत क्षेत्राने वेग देणे सोपे. उदासीन अणूंवर ते क्षेत्र चालत नाही. पण एकदा वेग मिळाला, की हेच अणू चुंबकीय क्षेत्रातूनही न वळता सरळ जातात. अणुसंमीलनाच्या यंत्रांत चुंबकीय क्षेत्राने कोंडलेला प्लाझ्मा तापवण्यासाठी म्हणूनच उदासीन अणूंचे झोत वापरले जातात.