वारं गेल्यानंतरचं मन

घरात कुणाच्या अंगावरून वारं गेलं की सगळ्यांचं लक्ष हातापायांकडे लागतं. बोटं हलतात का, आधाराशिवाय उभं राहता येतं का, हेच भेटायला येणारे विचारतात. माणूस गप्पगप्प राहू लागला, तर ‘एवढं मोठं दुखणं, वाईट वाटणारच’ म्हणून विषय मिटतो. डॉक्टरांनीही तो बराच काळ तसाच मिटवला.

1977 साली अमेरिकेत मार्शल फोल्स्टीन आणि सहकाऱ्यांनी या समजुतीलाच हात घातला. पक्षाघाताचे रुग्ण आणि हाडांच्या दुखण्याने तितकेच परावलंबी झालेले रुग्ण त्यांनी ताडून पाहिले. रुग्ण मोजकेच होते, पण नैराश्य पक्षाघातात बरंच जास्त निघालं. म्हणजे नुसतं परावलंबन हे कारण पुरेना. मेंदूच्या इजेचाही त्यात वाटा असावा. पुढे रॉबर्ट रॉबिन्सन यांनी मेंदूच्या डाव्या बाजूच्या पुढच्या भागाकडे बोट दाखवलं. त्यावर वर्षानुवर्षं वाद चालला. 2000 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या एकत्रित आढाव्यात त्या मांडणीला आधार मिळाला नाही. या वादापेक्षा मला त्या काळात पक्का होत गेलेला अंदाज मोलाचा वाटतो: दर तिघांमागे साधारण एकाला नैराश्य गाठतं.

नैराश्यावरच्या फ्लुओक्सेटीन या औषधाने पक्षाघातानंतर हातापायांतही बळ येईल, अशी आशा 2011 च्या फ्रेंच अभ्यासाने लावली होती. 2018 साली तीन हजारांवर रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीत ती फोल ठरली. नैराश्य कमी झालं, पण हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं.

या सगळ्यात ज्यांची वाचा गेली, ते बहुधा अभ्यासाबाहेरच राहिले. मन कसं आहे हे त्यांना सांगताच येत नव्हतं. ही गोष्ट मला फार लागते. 1998 साली इंग्लंडमध्ये त्यांच्यासाठी एक प्रश्नावली तयार झाली. उत्तरं द्यायची ती सांभाळणाऱ्याने: मध्येच रडू कोसळतं का? रात्री तळमळ होते का? बोलताना नजर टाळतात का? तिची दहा प्रश्नांची छोटी आवृत्तीही आहे.

आपल्याकडे गडचिरोलीच्या खेड्यांत पक्षाघात हे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण असल्याचं ‘सर्च’ या संस्थेच्या 2015 च्या अभ्यासात दिसलं. तिथे वाचलेल्या माणसाला मानसोपचारतज्ज्ञ गाठणं अवघड. पण रक्तदाबाच्या गोळ्या द्यायला आलेली आशाताई घरच्यांना हे दहा प्रश्न नक्की विचारू शकेल.