फोटोखालच्या चार ओळी

विहाराच्या दारातल्या फळ्यावर खडूने लिहिलेले असते : कालकथित अमुक यांचा जलदान विधी व पुण्यानुमोदन, रविवारी सकाळी अकरा वाजता, सर्व उपासक-उपासिकांनी उपस्थित राहावे. लोक येतात. पांढऱ्या कपड्यांनी मंडप भरतो. तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य बाबासाहेबांच्या प्रतिमांना हार घातले जातात, मेणबत्ती-अगरबत्ती लागते, बौद्धाचार्य त्रिशरण-पंचशील देतात, परित्राणपाठ होतो. मग शोकसभा. एक वक्ता म्हणतो, ते फार मनमिळाऊ होते. दुसरा म्हणतो, त्यांच्या जाण्याने समाजाची कधीही भरून न येणारी हानी झाली. तिसरे पुढारी उशिरा येतात आणि येत्या निवडणुकीवर वीस मिनिटे बोलतात. घरातला कुणी हात जोडून आभार मानतो, पंगत बसते आणि कार्यक्रम संपतो.

त्या माणसाने साठ-सत्तर वर्षे काय केले, हे कुणी सांगितले का? तो कुठल्या गावाहून आला, मुंबईत पहिली रात्र कुणाच्या खोलीत काढली, पहिला पगार किती मिळाला, कुठल्या मोर्चात लाठी खाल्ली? फोटोखाली दोनच तारखा उरतात. त्यातली जन्मतारीखही बहुधा १ जून असते, म्हणजे शाळेच्या मास्तरांनी नाव घालताना टाकून दिलेली.

आपण शब्द बदलले, हे फार मोठे काम झाले. 'कैलासवासी' आणि 'स्वर्गीय' आपण सोडून दिले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला कैलास कसला आणि स्वर्ग कसला? पाली ग्रंथांत मरण पावलेल्याला 'कालंकत' म्हटलेले आढळते, म्हणजे ज्याने काळ केला तो. आपला 'कालकथित' त्याच घरातला. शब्दाच्या रूपावरून विद्वानांनी खुशाल वाद घालावा, मला मात्र त्यातले 'कथित' आवडते. गेलेल्याचे काही तरी कथन व्हायला हवे, असे तो शब्दच सांगतो. आणि नेमके तेवढेच आपल्याकडून राहून जाते.

ही तक्रार आज तातडीची झाली आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बापाच्या खांद्यावर बसून आलेला मुलगा आता सत्तरी ओलांडून गेला आहे. ज्याला तिथले सारे समजत होते, जो स्वतः हात जोडून उभा होता, तो वीस वर्षांचा तरुण आज असलाच तर नव्वदीच्या घरात आहे. त्याच वर्षी ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांच्या पार्थिव देहासमोर भदंत आनंद कौसल्यायन यांनी लाखावर माणसांना धम्मदीक्षा दिली. रडत रडत दीक्षा घेतलेली ती माणसे गिरणीतली, गोदीतली, रेल्वेतली, नगरपालिकेच्या सफाई खात्यातली होती. पुढाऱ्यांची चरित्रे झाली, होत राहतील. या माणसांची कोण लिहिणार?

एका वस्तीतला प्रसंग सांगतो. आजी गेल्या. सारा जन्म इस्पितळात आयाचे काम केलेल्या. तीन मुलगे, दोन मुली, नातवंडे. त्यांची पत्र्याची पेटी उघडली तेव्हा तळाशी वर्तमानपत्राच्या घडीत एक पिवळा पडलेला कागद निघाला. १९६५ सालचा, तुरुंगातून सुटका झाल्याचा. घरातले सगळे चकित. आई तुरुंगात गेली होती? कशासाठी? शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंनी उलगडा केला. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात वस्तीतल्या बाया गेल्या होत्या, त्यांत ही होती. आणि कडेवर तान्हे मूल घेऊन गेली होती.

मग प्रश्न आला की ते मूल कोणते? थोरल्या दोघांत वर्षा-दीड वर्षाचेच अंतर आणि शाळेच्या दाखल्यावर दोघांचीही तारीख १ जून. ज्या एका बाईला नक्की ठाऊक होते ती आता सांगायला नव्हती. शोकसभेत नातीने वहीतली दोन पाने वाचून दाखवली, त्यात हे सगळे होते, अगदी हा न सुटलेला प्रश्नसुद्धा. साठीतले दोघे भाऊ शेजारी शेजारी बसून ऐकत होते. त्या दिवशी मंडपातला एकही माणूस घड्याळाकडे पाहत नव्हता.

१९६४ च्या महापरिनिर्वाणदिनी सुरू झालेल्या त्या देशव्यापी सत्याग्रहात लाखो माणसे पकडली गेली. पुस्तकात हा आकडा सापडतो. कडेवरची मुले कुठल्याच आकड्यात सापडत नाहीत.

गिरण्यांचेही तेच. मुंबईच्या गिरणीत आपली माणसे बहुतेक रिंग खात्यात असत. विणकामाच्या खात्यात, म्हणजे जिथे पगार जास्त तिथे, त्यांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यातला धागा तुटला की तो तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा इतर कामगारांना चालत नसे. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न पुढे आणला. हे आपण भाषणात ऐकतो. पण आपल्या आजोबांनी हे अंगावर कसे झेलले, ते खाते बदलून मिळावे म्हणून कुणाकडे गेले होते का, हे किती घरांत विचारले गेले? १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यानंतर घरातली चूल कशी पेटत राहिली हे आईच सांगू शकते. कुणी पापड लाटले, कुणी भाजी विकली, कुणी गावी परत गेले ते गेलेच. संपाचा इतिहास लिहिणाऱ्यांना चुलीपर्यंत पोचणे सहसा जमलेले नाही.

असे काम कुणीच केले नाही, असे मात्र नाही. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार या दोघी चळवळीतल्या जुन्या बायांच्या घरी गेल्या, त्यांच्यासमोर बसल्या, त्यांना बोलते केले. 'आम्हीही इतिहास घडवला' हे त्यांचे पुस्तक १९८९ साली निघाले. त्यांनी ज्यांना गाठले त्यांतल्या अनेकींना तोवर कुणी काही विचारलेच नव्हते. आणखी दहा वर्षे उशीर झाला असता तर त्या पुस्तकाची कितीतरी पाने कोरी राहिली असती. वसंत मून यांनी 'वस्ती'त नागपूरच्या आपल्या मोहल्ल्यातले पैलवान, कामगार, समता सैनिक दलाचे जवान, भांडखोर म्हाताऱ्या, सगळे नावानिशी उभे केले. मून २००२ साली गेले. त्यांनी लिहिले नसते तर ती सगळी माणसे त्यांच्याबरोबर दुसऱ्यांदा गेली असती.

फलटणच्या बेबीताई कांबळे आपल्या किराणा दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून, मिळेल त्या कागदावर लिहीत राहिल्या. ते लिखाण वीसेक वर्षे दडवून ठेवलेले होते. मॅक्सीन बर्नसन या फलटणला येऊन राहिलेल्या विदुषीने ते बाहेर काढायला लावले आणि 'जिणं आमुचं' आपल्या हाती आले. बेबीताई २०१२ साली गेल्या. शांताबाई कांबळे यांनी शिक्षिकेची नोकरी संपल्यावर 'माज्या जल्माची चित्तरकथा' लिहिली. त्यावरची 'नाजुका' ही मालिका दूरदर्शनवर आपल्यापैकी अनेकांनी शेजाऱ्यांच्या घरी दाटीवाटीने बसून पाहिली असेल. शंभरीला टेकल्या असताना २०२३ साली त्या गेल्या.

त्याच वर्षी नागपूरला कुमुद पावडे गेल्या. त्यांच्याबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण नव्या पिढीतल्या मुलींना त्यांचे नाव ठाऊक नसते असा अनुभव आहे. माहेरचे आडनाव सोमकुवर. ज्या समाजाच्या कानावर संस्कृत पडणे पाप मानले, त्या समाजातली ही मुलगी हट्टाने संस्कृत घेऊन एम. ए. झाली. गोखले गुरुजी नावाच्या शिक्षकांनी तिला भेदभाव न करता शिकवले, हेही तिने मोकळेपणाने लिहून ठेवले. पदवी मिळाली, कौतुक झाले, नोकरी मात्र मिळेना. मुलाखत घेणाऱ्यांची तोंडे वाकडी होत. पुढे आंतरजातीय लग्न झाले, आडनाव पावडे झाले आणि मग सरकारी महाविद्यालयात संस्कृतची प्राध्यापकी मिळाली. 'अंतःस्फोट' या पुस्तकात त्यांनी विचारले आहे की ही नोकरी कुणाला मिळाली? कुमुद सोमकुवरला तर मिळाली नाही. मानाची जागा मिळाल्यावरही हा काटा त्यांनी लपवला नाही. त्या गेल्या तेव्हा श्रद्धांजलीत 'संस्कृत पंडिता' हे शब्द पुष्कळ ठिकाणी आले. आडनावाची गोष्ट किती ठिकाणी आली?

राजा ढाले २०१९ मध्ये गेले, त्याच्या आदल्या वर्षी औरंगाबादला डॉ. गंगाधर पानतावणे. पानतावण्यांनी 'अस्मितादर्श' पन्नास वर्षे चालवले आणि खेड्यापाड्यातल्या किती नवख्या पोरांना पहिल्यांदा छापील अक्षरात आपले नाव दाखवले! त्या पोरांतले जे आज निवृत्त होऊन घरी बसले आहेत, त्यांनी आता लेखणी उचलावी. स्वतःसाठी पुष्कळ लिहिले, आता आपल्या बापासाठी लिहावे.

आणखी एक ऋण राहिले आहे. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत करोनाच्या साथीत जे गेले त्यांची शोकसभाच झाली नाही. अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी, कित्येकांना तर तोंडही पाहता आले नाही. त्यात सफाई कामगार होते, इस्पितळातल्या परिचारिका, वॉर्डबॉय आणि आया होत्या. जग दार लावून बसले होते तेव्हा ही माणसे कामावर जात होती. त्यांचे पुण्यानुमोदन मोबाईलवर दोन जोडलेल्या हातांच्या चित्रांत उरकले. आता विहारे उघडी आहेत. वर्षावासात एखादी पौर्णिमा त्या सर्वांसाठी ठेवायला काय हरकत आहे? भाषणे नकोत. प्रत्येक घरातल्या एकाने पाच मिनिटे सांगावे : आमची माणसे अशी होती, हे काम करीत होती, शेवटचे बोलणे हे झाले.

लिहायचे कसे, असे बायाबापड्या विचारतात. आमचे काही पुस्तकासारखे नाही, म्हणतात. पुस्तकासारखे नकोच. 'धर्मपरायण, परोपकारी, थोर समाजसेवक' ही विशेषणे कुणाच्याही फोटोखाली बसतात. बाप रोज पहाटे चारला उठून भोंग्याआधी दोन मैल चालत जाई, हे मात्र एकाच फोटोखाली बसेल. देव्हाऱ्यातले टाक कुणी काढले, कुठल्या नदीत सोडले, त्या वेळी आजी रडली की हसली, हे विचारा. बाबासाहेब गेल्याची बातमी कुठे ऐकली ते विचारा, कारण ते कुणीही विसरत नाही, आणि त्या धाग्याने पुढचे सगळे निघते. महिला मंडळात कुठली गाणी म्हणत ते म्हणायलाच लावा. आता प्रत्येक नातवाच्या हातात फोन आहे, त्यात आवाज साठवता येतो. पण आवाज फोनबरोबर हरवतो, म्हणून वहीत उतरवून घ्या.

गेलेल्याला संत करू नका, एवढे मात्र आवर्जून सांगावेसे वाटते. दारू पीत असतील आणि धम्म घेतल्यावर सोडली असेल तर तेही लिहा. सोडली नसेल तर आईने संसार कसा ओढला ते लिहा. आपल्याकडे बापाचे चार गुण सांगताना आईचे चाळीस वर्षांचे कष्ट एका 'साथ दिली' या शब्दात बसवतात. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या थेरीगाथेत थंडीत नदीवर पाणी भरायला जाणाऱ्या पुण्णिका दासीची कहाणी तिच्याच तोंडून आली आहे. तिच्या मालकाचे नाव सांगायलाही आज पोथी उघडावी लागते.

कागदपत्रे जपा. मुंबईत बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासात जुन्या खोल्या रिकाम्या होत आहेत. सामान हलवताना पोटमाळ्यावरचे गाठोडे रद्दीवाल्याला जाते. त्यात गिरणीचा गेटपास असतो, शेड्युल्ड कास्ट फेडरेशनच्या वर्गणीची पावती असते, समता सैनिक दलाचा बिल्ला असतो, 'जनता' नाहीतर 'प्रबुद्ध भारत'चा तुकडा तुकडा झालेला अंक असतो. किलोच्या भावाने देण्याआधी घरातल्या मोठ्या माणसासमोर ते एकदा उलगडून ठेवा आणि तो काय बोलतो ते ऐका.

प्रत्येक विहारात यासाठी एक दोनशे पानी वही ठेवता येईल. एका माणसाला एक पान, जास्त वाटले तर दोन. सुरुवात ज्यांनी वर्गणी काढून, रविवारी सुट्टी घालवून, स्वतः घमेली वाहून ते विहार उभे केले त्यांच्यापासून करावी. त्यांची नावे संगमरवरी पाटीवर नसतात, पाटीवर उद्घाटकाचे नाव असते. वस्तीतल्या सर्वांत वयस्कर बाईंकडे आजच संध्याकाळी जा. विचारताना घाई करू नका, चहा ठेवू द्या. आणि जाताना वही-पेन सोबत न्या.