सवालीरामाच्या नावानं पत्र

मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यातली शाळकरी मुलं एकेकाळी सवालीरामाला पत्रं लिहीत. 'बाल वैज्ञानिक' या त्यांच्या पाठ्यपुस्तकानंच सांगून ठेवलं होतं, प्रश्न पडला की सवालीरामाला कळवा. या नावाचा माणूस कुठेच नव्हता. पत्रं वाचून उत्तरं धाडणारे मात्र खरे होते.

भोपाळच्या 'एकलव्य' संस्थेची ओळख या पत्रांपासून करून घ्यावी. संस्था 1982 ची, पण काम तिच्याहून दहा वर्षांनी जुनं. 1972 मध्ये किशोर भारती ही संस्था आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी 16 शाळांत 'होशंगाबाद विज्ञान' सुरू केलं, सहावी ते आठवीसाठी. किशोर भारतीचे अनिल सद्गोपाल टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून आलेले. पाठोपाठ दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक येऊ लागले. ते भाषणं ठोकायला येत नसत. शिक्षकांबरोबर बसून प्रयोग करत, धडा वर्गात चालला नाही तर पुन्हा लिहीत. त्यांच्यातले विनोद रैना तर पुढे विद्यापीठातली नोकरी सोडून पूर्णवेळ याच कामाचे झाले. 1978 मध्ये हा उपक्रम अख्ख्या जिल्ह्यात गेला.

त्याच वर्षी पुण्याच्या टेल्कोतले इंजिनिअर अरविंद गुप्ता रजा काढून इथे आले. सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि काडेपेटीतल्या काड्या, एवढ्यावर त्यांनी भूमिती मांडली. नळीचे तुकडे सांधे झाले. चार काड्यांचा चौकोन दाबला की कलंडतो, तीन काड्यांचा त्रिकोण हलत नाही. छपराच्या कैचीत त्रिकोण का असतात, हे मग बोटांनाच कळतं.

परीक्षाही तशीच असे. पुस्तक उघडं ठेवायची मुभा, आणि प्रयोग करून दाखवायचा. पाठांतराला तिथे भाव नव्हता.

2002 मध्ये राज्य सरकारनं हा कार्यक्रम बंद केला. तोवर तो अनेक जिल्ह्यांत पसरला होता. 'एकलव्य'ची 'चकमक' आणि 'संदर्भ' ही नियतकालिकं मात्र टिकली. 'संदर्भ'चं मराठी भावंड 'शैक्षणिक संदर्भ' पुण्यातून निघालं, आणि अरविंद गुप्तांनी पुढे आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात खेळणी करत बरीच वर्षं घालवली.

विद्यापीठांनी संशोधन लोकांपर्यंत न्यावं, असं आपण नेहमी ऐकतो. होशंगाबादेत टपाल उलट्या दिशेनं सुरू झालं: आधी मुलांचा प्रश्न, मग प्राध्यापकांचं उत्तर. आपल्या गावाजवळच्या विद्यापीठाला सवालीरामाचा पत्ता विचारून पाहायला हरकत नाही.