बिनपंखी नाकतोडा कसा ओळखावा?

पावसाळ्यात कडोदऱ्याच्या ऊस-भाताच्या शिवारात पंख नसलेले नाकतोडे दिसतात. शेतकरी बंधूंनी औषध मारण्यापूर्वी एक नाकतोडा धरून नीट पाहावा, असे आम्ही सुचवतो.

पाठीवर पंखांचे बारीक अंकुर दिसले, तर ते पिलू समजावे. कात टाकता टाकता त्याचे पंख वाढतात व पुढे ते उडते.

मातकट रंगाचा, उघड्या जमिनीवर बसणारा व कोवळी रोपे कुरतडणारा किडा म्हणजे गुजराती शेतकऱ्यांची खपैडी. तिच्यात काहींचे पंख आखूडच राहतात.

जोडी लागली, मादी अंडी घालू लागली, तरी पंख नाहीत, तर तो खरा बिनपंखी. दख्खनचा बिनपंखी नाकतोडा असाच आहे. बेळगाव, धारवाड, विजापूरकडची काळी कोरडवाहू जमीन हे त्याचे घर व ज्वारी हे त्याचे आवडते खाद्य. म्हैसूर संस्थानचे कीटकशास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांच्यावरून १९१० साली त्याला 'कोलेमानिया' हे नाव मिळाले. वर्षाला त्याची एकच पिढी होते. सुगीच्या सुमारास जमिनीत घातलेली अंडी पुढच्या जूनच्या पावसावर फुटतात.

ही ओळख कशासाठी? ज्याला उडता येत नाही तो लांबून येत नाही. त्याची अंडी आपल्याच शेतात, बांधावर किंवा शेजारच्या पडीक जमिनीत असतात. म्हणून सुगीनंतर बांध खरडावेत, जमीन नांगरावी. उघडी पडलेली अंडी उन्हाने वाळतात, पाखरे टिपतात. शेजाऱ्यांनीही हे एकाच वेळी केले, तर औषधाचा खर्च पुष्कळ वाचेल.